काळी, पांढरी आणि पोटखराब



अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात भूमीची स्तुती करणारे एक विख्यात सूक्त आहे. भूमीला माता म्हणणारे सूक्त म्हणून त्याचा उल्लेख व्यासपीठांवरून वारंवार होतो. त्याच सूक्तात ऋषीने भूमीला तपकिरी, काळी, तांबडी आणि अनेकरूपा अशी विशेषणे लावली आहेत, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. ज्या समाजाने भूमीला माता मानले, त्याने तिची रूपेही निरखून पाहिली होती. आज मातेचा जयजयकार शिल्लक आहे. तिची रूपे ओळखणारी दृष्टी वेगाने लोपते आहे. आजच्या विषयाचा सारा रोख या एका गोष्टीकडे आहे.

माती ही एक वस्तू नाही. माती अनेक आहेत. वाघ आणि वटवृक्ष जसे वेगळे, तशा देशावरची काळी आणि कोकणातली जांभ्याची माती या वेगळ्या आहेत. प्रत्येकीचा जन्म, वय, स्वभाव आणि तिच्यात नांदणारी जीवसृष्टी निराळी. जमिनीचा वापर बदलतो, तेव्हा सातबारावरचा एक शब्द तेवढा बदलल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात एखादी माती कायमची नाहीशी होत असते. जी माती मुळातच थोड्या जागेत आहे, तिच्या बाबतीत असा प्रत्येक बदल अखेरचा ठरू शकतो.

शब्दांत साठलेले ज्ञान

मराठी शेतकऱ्याच्या तोंडी मातीसाठी किती शब्द होते, याची आज कल्पनाही करवत नाही. काळी, तांबडी, पोयटा, चिकण, मुरमाड, बरड, रेवट, चुनखड, खारवट, चोपण, मळई, गाळपेर. हे शब्द कोशातून शेतात आलेले नाहीत. नांगराच्या फाळाला आणि बैलाच्या खांद्याला जो फरक जाणवला, त्यातून ते जन्मले. कोणत्या मातीत वाफसा केव्हा येतो, कोणती पावसाची एक सर पडताच चिकटते, कोणतीत पेरलेले उगवूनही आठ दिवसांत करपते, हे सारे त्या एकेका शब्दात साठवलेले होते.

याहून अर्थपूर्ण अशी एक जोडी मराठी मुलखात शतकानुशतके रूढ होती. गावाची वस्ती ती पांढरी आणि गावाची शेती ती काळी. जुन्या कागदपत्रांत हे शब्द याच अर्थाने येतात. गावठाणाची जागा बहुधा उंचवट्यावर, शेतीला फारशी उपयोगी नसलेल्या जमिनीवर असे आणि कसदार काळी माती नांगरासाठी राखली जाई. लोकव्यवहाराने घालून दिलेली ती भूमी-वापराची मर्यादाच होती. आज नगरे आणि महामार्ग वाढत आहेत, ते या मर्यादेला ओलांडून. पांढरी पसरते आहे आणि काळी आक्रसते आहे.

एकच कातळ, दोन माती

मातीचे वैविध्य निर्माण कसे होते, याचे उत्तर महाराष्ट्राइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. रशियन शास्त्रज्ञ दोकुचायेव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मृदाशास्त्राचा पाया घातला. 1941 साली हान्स येनी यांनी मातीच्या जन्माला कारण होणारे पाच घटक सूत्रबद्ध केले. मूळ खडक, हवामान, सजीव, भूमीचा उंचसखलपणा आणि काळ हे ते पाच घटक होत. यांपैकी एकही बदलला की माती बदलते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसाने दख्खनचा कातळ घडवला. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना तोच काळा बेसाल्ट आहे. तरीही पूर्वेला सोलापूर-परभणीकडे काळी माती आणि पश्चिमेला रत्नागिरीकडे तांबडा जांभा, हा चमत्कार पावसाचा आहे. देशावर पाऊस बेताचा, त्यामुळे खडकातून सुटलेला चुना आणि मॅग्नेशियम तिथेच राहतात आणि फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीची घडण होते. उन्हाळ्यात या मातीला खोल भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाने भेगा मिटतात आणि खालची माती वर ढकलली जाते. जाणकार म्हणतात की काळी जमीन आपली नांगरट आपणच करते, ते याच अर्थाने.

सह्याद्रीपलीकडे धो धो पाऊस. तिथे लक्षावधी वर्षे पाणी खडकातून झिरपत राहिले. चुना गेला, मॅग्नेशियम गेले, सिलिकाही बऱ्याच अंशी वाहून गेली. मागे उरले ते लोह आणि ॲल्युमिनियम. तोच जांभा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश प्रवाशाने मलबारातील अंगडीपुरम येथे हा दगड पाहिला. खाणीतून मऊ निघणारा आणि हवेत घट्ट होणारा हा दगड लोक विटेसारखा कापून वापरतात, हे पाहून त्याने 1807 साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. कोकणातील घराघरांच्या भिंतींनी तो दगड चिरा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखला होता; जगाला त्याचे नाव मिळाले तेवढे त्या वर्षी.

माती घडायला लागणारा काळ ध्यानात घेतला पाहिजे. दोन-तीन सेंटिमीटर माती घडायला हजार वर्षेही लागू शकतात. जांभ्यासारख्या पठारांची घडण तर कोट्यवधी वर्षांची. कापलेले जंगल शंभर वर्षांत काही प्रमाणात परत येईल. खरवडलेली माती मानवी इतिहासाच्या मोजमापात परत येत नाही.

महसुलाची नजर

मग इतके मौल्यवान वैविध्य समाजाच्या आणि शासनाच्या नजरेआड कसे राहिले? याचे एक उत्तर जमिनीच्या दफ्तरात सापडते.

जमिनीची प्रतवारी मराठेशाहीतही होती. अव्वल, दूम आणि सीम अशा प्रती लावून सारा ठरवला जाई. इंग्रजी राज्यात 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात नवी पाहणी सुरू केली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिला पद्धतीचे रूप दिले. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून तिचे नऊ वर्ग पाडण्यात आले. चुनखड, रेती, निचऱ्याचा अभाव असे दोष मोजून आणे कमी केले गेले. मुंबई इलाख्यातील शेतन्‌शेत खणून पाहिले गेले. मातीची एवढी तपशीलवार नोंद त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी झाली असेल. परंतु तिचा हेतू एकच होता. मातीकडून किती सारा मिळेल, हे सरकारला जाणून घ्यायचे होते.

ज्या जमिनीतून सारा मिळण्यासारखा नव्हता, तिला एक नाव मिळाले. पोटखराब. खडक, खाचखळगे, नाले, कातळ हे सारे एका शब्दात गेले. स्वातंत्र्यानंतर 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला; शब्द तोच राहिला. वर्ग ‘अ’ म्हणजे शेतीला अयोग्य, वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, एवढीच त्याची विभागणी. 2018 साली नियमांत दुरुस्ती होऊन वर्ग ‘अ’ मधील जी जमीन शेतकऱ्याने कष्टाने लागवडीखाली आणली असेल, तिची तशी नोंद करण्याची वाट मोकळी झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती न्याय्य मागणी होती, कारण लागवडीखालच्या जमिनीलाही पीककर्ज आणि नुकसानभरपाई केवळ शब्दामुळे नाकारली जात असे. तथापि या साऱ्या व्यवहारात एक प्रश्न कोणी विचारला नाही. पोटखराब म्हणून नोंदलेल्या जमिनीवर प्रत्यक्षात कोणती माती आहे, आणि ती अन्यत्र कुठे आहे का?

सडा: ओसाड नव्हे, दुर्मीळ

या प्रश्नाचे उत्तर कोकणातील सड्यावर मिळते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सह्याद्रीचा पायथा आणि समुद्र यांच्या दरम्यान जांभ्याची विस्तीर्ण सपाट पठारे आहेत. लोक त्यांना सडा म्हणतात. मे महिन्यात सड्यावर उभे राहिले, तर तापलेल्या कातळापलीकडे काही दिसत नाही. गवताची काडी वाळलेली, झाडाची सावली नाही. अशा जमिनीला पोटखराब न म्हणावे, तर काय म्हणावे, असे कोणालाही वाटेल.

मृगाचा पाऊस पडला की हाच सडा पालटतो. कातळावरच्या उथळ खळग्यांत बोटा-दोन बोटांइतकी माती असते. तेवढ्यात तेरडा, गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, नाना प्रकारची गवते आणि भुईआमऱ्या उगवतात. काही खळग्यांत पाणी साठते आणि तीन-चार महिन्यांपुरती तळी होतात. बेडकांची एक सबंध पिढी त्या पाण्यात वाढते. दीपकाडी नावाची पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती तर कोकण आणि गोव्याच्या जांभ्याच्या सड्यांपुरतीच मर्यादित आहे. डॉ. अपर्णा वाटवे यांनी 2013 साली उत्तर सह्याद्री आणि कोकणातील खडकाळ पठारांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. एकाच पठारावर उघडा कातळ, मातीचे खळगे, हंगामी तळी, कड्यांचे काठ असे किती भिन्न अधिवास शेजारी शेजारी नांदतात, हे अशा अभ्यासांतून पुढे आले.

यामागचे कारण मातीतच आहे. सड्यावरची माती आम्लधर्मी आणि अत्यंत निकस. नत्र आणि स्फुरद नावापुरते. वर्षातले चार महिने ती पाण्यात बुडालेली आणि उरलेले आठ महिने भाजून निघणारी. अशा मातीत सामान्य वनस्पती टिकत नाहीत. जगतात त्या या हलाखीशी जुळवून घेतलेल्याच. दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती कीटक पकडून नत्राची गरज भागवतात, ती मातीत नत्र नाही म्हणून. म्हणजे जिला शेतीशास्त्र निकस म्हणते, तिची निकसता हेच तिचे वैशिष्ट्य आहे. तिच्यावर खत घातले, तर ती सुधारत नाही. जोमदार गवते आणि तण शिरतात आणि जे जगात अन्यत्र नाही ते हुसकले जाते.

सह्याद्रीच्या माथ्यावरचे कास पठार 2012 साली पश्चिम घाटाच्या नामांकनातून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत गेले. त्याच्याही फुलांचे रहस्य जांभ्यावरची पातळ माती हेच आहे. कोकणातील सड्यांवरच्या कातळशिल्पांचा समावेश 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी या ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, वाघ, मासे आणि मानवाकृती याच कातळावर कोरल्या. ज्या सड्याला दफ्तर पोटखराब म्हणते, त्यावर कोकणातील मानवी संस्कृतीचा सर्वांत जुना लेख आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

या सड्यांचे आज काय होत आहे? 1990 पासून रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा मोठा कार्यक्रम महाराष्ट्राने हाती घेतला. कोकणाच्या अर्थकारणाला त्याने आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. आधी डोंगरउतारावर असलेल्या हापूसच्या बागा पुढे सड्यावर चढल्या. कातळात सुरुंग लावून मीटरभर खोल खड्डे घेतले गेले, खालच्या खोऱ्यांतून माती आणून ते भरले गेले, भोवती चिऱ्यांचे गडगे उभे राहिले. यात एका वेळी दोन मातींचे रूप बदलते. जिथून माती उचलली तिथली जमीन उघडी पडते आणि जिथे ती टाकली तिथली मूळ घडण मोडते. चिरेखाणी, रस्ते, बंगल्यांच्या वसाहती हे पुढचे टप्पे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सड्यांचे मूळ रूप, सड्यावरची भातखाचरे आणि फळबागा यांची तुलना करण्यात आली. उभयचर प्राण्यांचे वैविध्य फळबागांत सर्वांत कमी आढळले. भातशेतीने सड्याचे पाणी काही अंशी राखले होते. सुरुंगाने ते राखले नाही.

सड्याचा आणखी एक उपकार गावाला उन्हाळ्यात कळतो. जांभा सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्यातून खाली उतरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांच्या व विहिरींच्या रूपाने बाहेर येते. वरचा कातळ फोडला, सिमेंटने झाकला किंवा खाणीने खोदला, तर वाडीतली विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. सड्याच्या मातीचा प्रश्न फुलांच्या हौसेचा नाही. तो खालच्या वाडीच्या घोटभर पाण्याचा आहे.

काळीचे चोपण, खारीचा भराव

देशावरच्या काळ्या मातीची कथा वेगळी असली, तरी तात्पर्य तेच. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. त्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन पिकाला मिळाले, पण ते खऱ्या अर्थाने मातीचे आहे. ती माती बदलली, तर नाव राहील आणि ज्वारी राहणार नाही. हीच काळी माती बारमाही पाण्याखाली गेली, की तिचा स्वभाव उलटतो. चिकण माती पाणी सोडत नाही, भूजल वर येते, त्यातील क्षार पृष्ठभागावर साठतात, सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन तिची छिद्रे बुजतात. कसदार काळी चोपण होते. ब्रिटिश काळात नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रात हे घडले होते; तो धडा असूनही कृष्णेच्या खोऱ्यात सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या हजारो एकर जमिनी क्षारपड झाल्या. आता शेतात सच्छिद्र नळ्या पुरून निचरा करण्याचे काम चालू आहे. ते स्तुत्य आहे, परंतु खर्चाचे आहे, आणि प्रत्येक शेतकऱ्याला परवडणारे नाही.

समुद्रकाठच्या खारभूमीची गत आणखी विलक्षण. भरतीचे पाणी बांधाने अडवून, पावसाने क्षार धुऊन, पिढ्यांच्या श्रमाने माणसाने निर्माण केलेली ही माती. गोव्यातील खाजन शेती आणि तिथला कोरगूट भात त्याच परंपरेतले. 1979 साली महाराष्ट्राने खारजमिनींच्या विकासासाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु पनवेल-उरणच्या पट्ट्यात नगरे, गोदामे आणि विमानतळ उभे राहताना याच जमिनींवर भराव पडला. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि तिच्या दगड-मुरुमाने सखल भाग भरला गेला. एका डोंगराची माती तोडून दुसऱ्या खारीची माती गाडली गेली. विमानतळाची राष्ट्रीय गरज मान्य करूनही, या व्यवहारात मातीच्या बाजूने एकही नोंद ठेवली गेली नाही, ही खंत उरते.

शहराच्या कडेला वीटभट्ट्या लागतात, त्यांचा हिशेबही करून पाहावा. एका एकरातील फूटभर माती उचलली, तर ती दीड हजार टनांवर जाते. तीन किलोची एक वीट धरली, तर त्यातून पाच लाखांच्या आसपास विटा होतात. शेतकऱ्याला त्या वर्षी रोख रक्कम मिळते. जमीन त्याच्याच नावावर राहते. उरत नाही ती फक्त माती.

मोजमाप कशाचे?

भारतात मातीचे मोजमाप होत नाही, असे नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन विभाग ही संस्था नागपुरातच आहे आणि तिने देशाच्या मातीचे नकाशे तयार केले आहेत. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार 2018-19 मध्ये देशाची 9 कोटी 78 लाख 50 हजार हेक्टर, म्हणजे 29.77 टक्के जमीन अवनतीला लागलेली होती. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. तीत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब असे 12 घटक तपासले जातात. हे सारे आवश्यक आहे. परंतु पत्रिका मातीची प्रकृती सांगते, तिची जात सांगत नाही. सड्याची माती या पत्रिकेवर नापास होईल, आणि नापास झाल्यावर तिला ‘सुधारण्याचा’ सल्ला मिळेल.

अमेरिकेत 2003 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रोनाल्ड अमुंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या बाबतीत तो प्रश्न विचारला, जो आजवर पशुपक्ष्यांच्या बाबतीत विचारला जात होता. देशातील कोणत्या माती नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत? त्यांनी देशभरातील मृदा-श्रेणींचे नकाशे शेती आणि नागरी वस्तीच्या नकाशांवर ठेवले. पाचशेहून अधिक मृदा-श्रेणी धोक्यात असल्याचे दिसले. मध्य-पश्चिमेच्या शेतीप्रधान राज्यांत तर मुळातच दुर्मीळ असलेल्या मातींपैकी 80 टक्क्यांपर्यंत मातींनी आपले निम्म्याहून अधिक क्षेत्र गमावले होते. जिथे शेती सर्वांत संपन्न, तिथे मातीचे वैविध्य सर्वांत अधिक हरवले. समृद्ध देशाचा हा अनुभव भारताने स्वतःच्या अंगावर घेऊन शिकण्याची गरज नाही.

मातीच्या वैविध्याबरोबर काय जाते, हेही आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरील ज्ञात-अज्ञात सजीव प्रजातींपैकी सुमारे 59 टक्के प्रजाती मातीत राहतात. अरण्यात आणि सागरात मिळून जेवढे जीवन आहे, त्याहून अधिक पायाखाली आहे. एकेक माती म्हणजे एकेक अरण्य. त्याला अभयारण्याची पाटी नाही, इतकाच फरक.

देवराईचा दृष्टान्त

उपायांचा विचार करताना दूर जाण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या गावागावांत देवराया आहेत. 1970 च्या दशकात प्रा. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा दुर्मीळ वृक्षांचा आश्रय म्हणून त्यांचे महत्त्व जगापुढे आले. देवराईने आणखी एक गोष्ट राखली, ती माती. जिथे कुऱ्हाड चालली नाही, तिथे नांगर आणि फावडेही चालले नाही. पंचक्रोशीत मूळची माती कशी होती, हे पाहायचे असेल, तर आज देवराईतच खड्डा घेऊन पाहावे लागेल. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथे देवाच्या नावाने राखलेल्या राईत रानजायफळाची दलदल टिकली आणि 2021 साली तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ती दलदलीची माती त्या गावाच्या श्रद्धेने वाचवली.

हाच दृष्टान्त पुढे नेता येईल. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोय करून दिली आहे. त्या वहीत झाडे, पक्षी, पिके यांच्याबरोबर गावच्या मातींचे एक पान असावे. कोणती माती, कोणत्या गट क्रमांकात, किती क्षेत्रावर, आणि तिला जुनी माणसे काय म्हणतात. हे शब्द ज्यांना ठाऊक आहेत, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. हे काम दहा वर्षे थांबू शकत नाही. ज्या माती अल्प क्षेत्रात आहेत, त्यांचे काही सडे आणि काही माळ त्याच कायद्याखाली वारसास्थळ म्हणून राखता येतील. सातबारावरचा पोटखराब हा शब्द काढणे कदाचित अवघड असेल. परंतु त्याच्यापुढे मातीची जात लिहिण्याला कोणताही कायदा आड येत नाही.

बांधकाम थांबणार नाही आणि थांबवावे असेही नाही. लोकांना घरे हवीत, रस्ते हवेत. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देताना वरच्या थराची माती काढून जपण्याची अट बहुधा घातलेली असते. ती अट कागदावर राहू नये, यासाठी गावाने आणि नगरपालिकेने विचारणा केली पाहिजे. एवढी माती निघाली, ती कुठे गेली? हा साधा प्रश्नही अनेक ट्रक थांबवू शकेल.

आणि अखेरचा मुद्दा न्यायाचा आहे. सड्याचा मालक गरीब आहे. त्याला आंब्याचे किंवा चिऱ्याचे उत्पन्न सोडायला सांगणाऱ्या समाजाने त्याच्या हाती काय ठेवले? खालच्या वाडीला पाणी, जगाला फुले, इतिहासाला कातळशिल्पे देणाऱ्या जमिनीचा मालक स्वतः मात्र पोटखराबाचा धनी राहतो. राखलेल्या सड्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे. कासला पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते आणि स्थानिकांना त्यातून काम मिळते. कोकणातील सड्यांसाठीही तेथील परिस्थितीला साजेशी व्यवस्था उभी करता येईल. भूमीला माता म्हणणाऱ्यांनी तिच्या राखणदाराला उपाशी ठेवून संवर्धनाची भाषा बोलू नये.

5 डिसेंबर हा दिवस 2014 पासून जगभर मृदा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळांत भाषणे होतील, मातीला कुंकू वाहिले जाईल. त्याबरोबर प्रत्येक शाळेतील मुलांनी आपल्या गावची माती नावाने ओळखून, बाटल्यांत भरून, चिठ्ठी लावून मांडावी. किती बाटल्या भरल्या, हे गुरुजींनी फळ्यावर लिहावे. पुढच्या वर्षी पुन्हा मोजावे. ज्या वर्षी एक बाटली रिकामी राहील, त्या वर्षी गावाने ग्रामसभा बोलवावी आणि ती माती कुठे गेली, याचा जाब स्वतःला विचारावा.